खुलासा: ट्रेसी चॅपमन २०२३ मध्ये ‘सापडलेली’ नाही

अमेरिकी गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ हे जुनं गाणं कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये गायलं म्हणून ती लोकांना कळली, १९८८ च्या तिच्या पहिल्या अल्बमला कुणी विचारलंही नव्हतं, असा मजकूर फिरतोय. साफ चूक. १९८८ च्याच जूनमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, मंडेलांच्या सत्तरीनिमित्तच्या मैफलीत, गायक स्टीव्ही वंडरची ऐनवेळी तांत्रिक अडचण झाली आणि त्याच्या जागी ही एकटी गिटार घेऊन पुन्हा मंचावर आली. ऑगस्टमध्ये अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर! समीक्षकांनीही उचलून धरला. १९८९ ला तीन ग्रॅमी. ‘अल्बम ऑफ द इयर’ मात्र गायक जॉर्ज मायकलच्या ‘फेथ’ला गेलं (उत्साही मंडळी तेही हिच्याच नावावर टाकतात). कोम्ब्समुळे नवं घडलं ते इतकंच: सीएमए (अमेरिकेतली कंट्री म्युझिक असोसिएशन) या संस्थेचा ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय स्त्रीला, म्हणजे गाणं लिहिणाऱ्या चॅपमनला, मिळाला.