खारपाणपट्ट्यातला समुद्र

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी मुळातच खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कपाकडे संशयानं बघतो. अशा गावात मी घरातल्या काचेच्या टाकीत समुद्रातले मासे आणि प्रवाळ पाळतो. त्यासाठी मशीन लावून पाण्यातला खार काढतो आणि मग विकतचं मीठ घालून तेच पाणी पुन्हा खारं करतो. गावात माझ्याबद्दल जे बोललं जातं, त्यात मला फारसा अन्याय दिसत नाही.

"बोअरचंच टाक ना भाऊ, फुकट हाय," असं शेजारी दर आठवड्याला सुचवतो. त्याला सांगून थकलो की खार-खारात फरक असतो. प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम, मॅग्नेशियम समुद्राच्याच मापात लागतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. टाकी 80 लिटरची. दर रविवारी आठ लिटर पाणी बदलायचं, म्हणजे पाव किलोच्या वर मीठ मोरीत. शिवाय उन्हानं आटतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून मे महिन्यात रोज वरून गोडं पाणी घालायचं. टाकीवर पंखा, खोलीत कूलर. बाहेर 45 डिग्री असताना आत 26 टिकवायचे म्हटल्यावर दुसरं काय करणार?

"मासोळीले मशीनचं पाणी अन् मायले नळाची वाट?" आई म्हणते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

खरं फिल्टरचं काम दगडांतले जिवाणू करतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारी ही मंडळी वस्तीला यायलाच दीड महिना घेतात. तोवर टाकीत फक्त दगड होते. आत्या अकोल्याहून खास मासे बघायला आल्या, दगड बघून परत गेल्या.

टाकीखालच्या कपाटात बाकीचा संसार. पाणी गाळणारी पिशवी, जिला घरात सगळे 'मोजा' म्हणतात, ती तीन-चार दिवसांनी उलटी करून साध्या पाण्यानं धुवायची. आणि स्किमर. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, त्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात साचते. कप उघडला की पोळ्यानंतरच्या गोठ्याची आठवण येते. आईचा या यंत्रावर विश्वास नाही. "दिवसभर घुरघुर करते, अन् फेस पाहा तर वाटीभर!"

परवा अकोल्याला लग्नात होतो. रात्री अकराला बायकोचा फोन : "लाईन गेली. इन्व्हर्टरनं मान टाकली." पंप बंद म्हणजे हवा बंद, मासे आणि जिवाणू दोघांचाही जीव कासावीस. मी जेवणाच्या पंगतीतून ओरडून सांगितलं, तांब्यानं पाणी घ्या आणि वरून धार धरा, थांबू नका! शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनी मला मठ्ठ्याचा ग्लास दिला.

पहाटेच्या एसटीनं घरी पोहोचलो. आई टाकीपुढे पाटावर बसलेली, हातात तांब्या. रात्रभर दोघी सासू-सुना पाळीनं धार धरत होत्या. मासे जिवंत. माझा गळाच भरून आला.

"चार वाजता लाईन आली," आई म्हणाली. "तुहा मोजा लय घाण झाला होता. म्या धुऊन लावला."

"कशानं?"

"साबणानं. मशीनच्या गोड्या पाण्यात काय फेस आला बाप्पा!"

मी कपाट उघडलं. स्किमरचा कप केव्हाच भरून वाहिला होता. पांढराशुभ्र फेस कपाटातून उतरून फरशीवरून देवघराकडे निघाला होता.

"पाह्य," आई कौतुकानं म्हणाली, "आता कसा काम करून राह्यला तो!"