नेपाळला गाडी नेताय? जीपीएसबद्दलच्या त्या मेसेजमधलं खरं-खोटं

पशुपतिनाथ-मुक्तिनाथला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांच्या ग्रुपवर सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. नेपाळची हद्द लागली की गाडीचं जीपीएस बंद पडतं, कारण ते अमेरिकेच्या हातात आहे आणि आपलं नाविक, म्हणजे जीपीएससारखीच भारताची उपग्रह यंत्रणा, फक्त भारतात चालतं. गाडी देशाबाहेर गेल्याचं कंपनीला कळलं की ती दुरून इंजिन बंद करते. जीपीएसवाली गाडी नेपाळ पोलिसांना चालत नाही, म्हणून निघण्याआधी त्याचा फ्यूज काढून ठेवा. आणि एवढी कटकट नको असेल तर मोबाइलवर इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारा, मग गाडीतलं सगळं, अगदी संकटात मदत मागायचं एसओएस बटनसुद्धा, घरच्यासारखं चालेल. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

पहिल्या तीन मुद्द्यांनी उगाच घाबरायला होतं. चौथा मुद्दा धीर देतो, आणि नेमका तोच महागात पडू शकतो. ग्रुपवर मात्र चर्चा होते ती पहिल्या तीनवर.

उपग्रहापासून सुरुवात करू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि ‘आत्ता किती वाजले, मी कुठे आहे’ एवढंच सतत सांगत राहतात. गाडीतलं यंत्र ते ऐकतं आणि चार-पाच उपग्रहांच्या वेळांतल्या फरकावरून आपली जागा काढतं. उलट दिशेने काहीच जात नाही. त्यामुळे कोण ऐकतंय आणि कुठल्या देशात बसून ऐकतंय, हे उपग्रहाला कळायला मार्ग नाही. सोनौलीच्या सीमेवरच्या कमानीअलीकडे चालणारं जीपीएस पलीकडेही तितकंच चालतं.

इथे कुणीतरी कारगिल काढतंच: त्या युद्धात अमेरिकेने आपल्याला जीपीएस दिलं नव्हतं म्हणे. त्या काळात नागरी वापराच्या जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, सुमारे १०० मीटरपर्यंतची. पण ती सगळ्या जगासाठी होती आणि २ मे २००० पासून ती काढून टाकली गेली. युद्धकाळात एखाद्या भागापुरता सिग्नल दाबणं शक्य आहे, आणि स्वतःचं नाविक उभं करण्यामागे भारताचा हाच विचार होता. पण सहलीला निघालेल्या एसयूव्हीसाठी कुणी ते बटन दाबत नाही. शिवाय आजचे फोन आणि बऱ्याच गाड्या एकट्या जीपीएसवर अवलंबून नसतात. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइडू हेही सोबत ऐकतात.

‘नाविक फक्त भारतात’ हेही चूक. नाविकचं क्षेत्र भारत आणि सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतचा पट्टा असं आखलेलं आहे. काठमांडू आपल्या सीमेवरच्या रक्सौलपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. अख्खा नेपाळ आणि अख्खा भूतान त्यात आरामात बसतो. नाविकच्या खऱ्या अडचणी निराळ्या आहेत: सुरुवातीच्या उपग्रहांतली अणुघड्याळं बिघडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. हे दुखणं पुण्यात असतं तेवढंच पोखऱ्यात. हद्दीशी त्याचा काही संबंध नाही.

मग लोक शपथेवर सांगतात की ‘आमचं बंद पडलं होतं’, ते काय खोटं बोलतात? नाही. त्यांना जे दिसलं ते खरंच होतं, कारण तेवढं चुकीचं लावलं. एरवी फोनला उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून आयती मिळते, म्हणून निळा ठिपका दोन-चार सेकंदांत उमटतो. नेट गेलं की तीच माहिती उपग्रहाकडून संथपणे उतरवून घ्यावी लागते. एका उपग्रहाचा स्वतःचा तपशील दर ३० सेकंदांनी येतो आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. यंत्र बराच वेळ बंद असेल किंवा दूर कुठेतरी नेऊन चालू केलं असेल, तर ठिपका यायला काही मिनिटं जाऊ शकतात. त्यात नारायणगढ ते मुग्लिन हा त्रिशूलीकाठचा रस्ता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी आणि पलीकडे पुन्हा डोंगर. आकाशाची पट्टीच अरुंद. असं वरंध घाटातही होतं, पण तिथे आपण अमेरिकेला दोष देत नाही.

दुसरी आणि जास्त नेहमीची गोष्ट म्हणजे ठिपका असतो, पण खाली नकाशा नसतो. करड्या चौकटींवर एक बाण सरकतोय असं दिसलं की माणूस म्हणतो जीपीएस गेलं. गेलेलं असतं नेट. नकाशाचे तुकडे नेटवरून येतात आणि ते यायचे थांबलेले असतात.

दुरून इंजिन बंद करण्याचा मुद्दा हवेतून आलेला नाही. ह्युंदाई, किया वगैरेंच्या कनेक्टेड, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडलेल्या गाड्यांत चोरी झाल्यावर गाडी दुरून निकामी करण्याची सोय असते. पण त्यासाठी मालकाने चोरी कळवावी लागते, आणि मुख्य म्हणजे तो हुकूम गाडीपर्यंत मोबाइल नेटवर्कवरूनच जातो. म्हणजे नेपाळमध्ये गाडी नेटवर्कबाहेर असेल तर कंपनीला ती बंद करायची असली तरी करता येणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने उलटा विचार केला असता तर खरी काळजी सापडली असती: तिकडे गाडी चोरीला गेली तर तिचा माग काढणारी सोयही त्याच नेटवर्कसोबत गेलेली असते. ‘जिओफेन्स’ नावाची जी सोय ऐकून लोक दचकतात, ती तुम्ही स्वतः आखलेल्या परिघाबाहेर गाडी गेली की तुमच्याच फोनवर सूचना पाठवते. मुलगा गाडी घेऊन लोणावळ्याच्या पुढे गेला की कळावं, यासाठी ती आहे.

पोलिसांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. जीपीएस खिशातल्या प्रत्येक फोनमध्ये असतं. नाक्यावर भन्सारवाल्यांना, म्हणजे तिकडच्या कस्टमला, हवं असतं गाडीचं नोंदणीपत्र, चालकाचा परवाना आणि जितके दिवस गाडी राहणार तितक्या दिवसांचं शुल्क. फ्यूज काढायचा सल्ला तर बिलकुल ऐकू नका. त्या एका फ्यूजवर आणखी काय काय चालतं हे गाडीगणिक वेगळं असतं, आणि वॉरंटीचा वाद अंगावर घ्यायचं काही कारण नाही.

उपग्रहाशी संबंधित एक वस्तू मात्र खरंच अडचणीत आणते, आणि तीही आपल्याकडेच. गार्मिन इनरीचसारखं यंत्र उपग्रहाकडून ऐकतं आणि उपग्रहाला संदेश पाठवतंही. भारतात परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच कारणासाठी अडवलं होतं. अन्नपूर्णेच्या ट्रेकसाठी म्हणून अमेरिकेतल्या भाचीकडून असं काही मागवणार असाल तर हे आधी लक्षात घ्या.

आता रोमिंग पॅक. तुम्ही पॅक मारता तो तुमच्या मोबाइलच्या सिमवर. गाडीच्या पोटात बसवलेलं ई-सिम (काढता न येणारं सिम) ही संपूर्ण वेगळी जोडणी आहे. यंत्रांच्या सिमांना तर नंबरही आपल्यासारखे दहा आकडी नसतात. २०१८ पासून त्यांच्यासाठी तेरा आकडी नंबर ठरले. त्या सिमचा करार गाडी कंपनी आणि मोबाइल कंपनी यांच्यात असतो, बिल तुमच्या नावावर येत नाही, आणि तुमच्या ॲपमधून त्यावर रोमिंग सुरू करता येत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या अटींत ही सेवा भारतापुरतीच असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते कलम शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

हद्दीजवळ थोडी फसगत होते. मोबाइलच्या लहरींना हद्दीचे दगडी खांब दिसत नाहीत, त्यामुळे पलीकडे काही अंतर भारतीय टॉवर मिळत राहतो. सोनौलीपलीकडच्या भैरहव्यात जेवायला थांबलेला माणूस ग्रुपवर टाकतो की ‘आमचं तर सगळं चालू आहे’. तोच माणूस बुटवलच्या पुढे घाट चढू लागतो तेव्हा ग्रुपवर काही टाकायला त्याच्याकडे नेट नसतं.

फोनचा हॉटस्पॉट गाडीला जोडला तर? काही गाड्यांत पडद्यावरची गाणी आणि नकाशा त्यावर चालतात. पण अपघाताची सूचना, गाडीचा माग, एसओएस हे सगळं ज्या डबीतून चालतं ती स्वतःच्याच ई-सिमला चिकटून राहते.

आता ते एसओएस बटन. ते दाबल्यावर गाडी त्या ई-सिमवरून कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावते. एअरबॅग उघडल्यावर आपोआप जाणारा फोनही तिथेच जातो. नेटवर्क नसेल तर फोन लागत नाही. निसटत्या भारतीय टॉवरवर लागलाच, तरी पलीकडचा माणूस भारतातल्या रुग्णवाहिकांच्या यादीसमोर बसलेला असतो. टोइंगवाल्याचीही तीच गत, कारण रोडसाइड असिस्टन्सचा करार साधारण देशापुरता असतो.

गाडीची ही सेवा ‘जगात कुठेही’ चालते, ही समजूत बहुधा परदेशातल्या नातेवाइकांच्या अनुभवातून आली असावी. न्यू जर्सीतली मंडळी नायगारा बघायला कॅनडाच्या बाजूला जातात आणि त्यांची गाडी बोलायची थांबत नाही, कारण तिथल्या कंपन्यांनी दोन्ही देश एकाच सेवेत घेतले आहेत. युरोपमध्ये तर कायदाच आहे: ३१ मार्च २०१८ पासून मंजुरी मिळालेल्या प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये ई-कॉल, म्हणजे अपघात झाल्यावर आपोआप लागणारा मदतीचा फोन, सक्तीचा आहे. जर्मनीतल्या गाडीला पोलंडमध्ये अपघात झाला तर गाडी मिळेल त्या नेटवर्कवरून ११२ लावते आणि फोन पोलंडच्या केंद्रात जातो. उपग्रह तिकडेही हेच आहेत आणि डबीही साधारण अशीच. तिकडे सरकारांनी आणि कंपन्यांनी आपसात करार केले, भारत-नेपाळमध्ये गाड्यांसाठी तसं काही नाही. कर्वे रोडवरच्या शोरूममध्ये विकत घेतलेल्या गाडीला युरोपचा कायदा लागू होत नाही.

नेपाळमध्ये पोलिसांचा क्रमांक १००, रुग्णवाहिकेचा १०२ आणि वाहतूक पोलिसांचा १०३. भूतानमध्ये रुग्णवाहिका ११२, पोलीस ११३. हे एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. एनटीसी किंवा एनसेल या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिम नाक्याजवळच घ्या, आणि ते गाडीत सर्वांना ठाऊक असलेल्या फोनमध्ये घाला. गाडीचा पडदा तसाही अँड्रॉइड ऑटोवर त्या फोनचा नकाशा दाखवेल.

नकाशाबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही, आणि मला ते सगळ्यात खटकतं. गाडीत भरलेल्या नकाशात नेपाळ आहे की नाही हे घरी बसून पाहता येतं: पडद्यावर ‘पोखरा’ शोधा. सापडलं नाही तर फोनवर नकाशा उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारखी ॲप्स नेपाळसाठी विशेष चांगली आहेत आणि त्याला कारण आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून नेपाळमधल्या वाटा, वस्त्या, घरं नकाशावर उतरवली, आणि काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या संस्थेने ते काम जमिनीवरून सांभाळलं. मदत पोहोचवण्यासाठी काढलेला तो नकाशा आज मुक्तिनाथच्या वाटेवर आपल्याला फुकट मिळतो.

उतरवलेल्या नकाशाला आज सकाळची दरड मात्र माहीत नसते. १२ जुलै २०२४ ला पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूलीत वाहून गेल्या. पावसाळ्यात त्या रस्त्याला लागण्याआधी १०३ ला किंवा धाब्यावरच्या ट्रकवाल्यांना विचारा. कुठलाही पडदा, नेट असो वा नसो, त्यांच्याइतकं ताजं सांगणार नाही.

घड्याळाचं थोडक्यात: नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, भूतान अर्धा तास. तिकडचं सिम घातलेला फोन स्वतःहून बदलतो, गाडीचं घड्याळ बदलेलच असं नाही. भन्सारचं कार्यालय बंद व्हायच्या वेळी पोहोचलात तर ही १५ मिनिटं जाणवतील.

आणि घरच्यांना निघतानाच सांगून ठेवा की ॲपमधला गाडीचा ठिपका सोनौलीत अडकलेला दिसेल. तीन दिवस ठिपका हलला नाही म्हणून आईने नाशिकहून सगळ्या नातेवाइकांना फोन लावावेत, असं करू नका.

उरला विमा. भारतातली मोटार पॉलिसी मुळात भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान यांच्यासाठी जादा हप्ता भरून क्षेत्र वाढवून मिळतं; विमावाले त्याला ‘आयएमटी १’ म्हणतात. ही पुरवणी पॉलिसीवर छापून हातात यायला वेळ लागू शकतो, तेव्हा एजंटाला फोन निघण्याच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा.