"तीन मुलांपैकी कोणी एक्स्पायर झालंय का?"

पहाटेचे पाच वाजलेत आणि मी चहा टाकून लिहायला बसले आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल दुपारी पुण्याहून विनाथांबा पकडून साताऱ्याला आले, आणि स्वारगेटपासून घरापर्यंत ते एकच वाक्य कानात वाजत होतं.

"मॅडम, तीन मुलांपैकी कोणी एक्स्पायर झालंय का?"

मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचं राहायला जायचंय म्हणून पुण्यात व्हिसाच्या कन्सल्टंटकडे गेले होते, तिथे कामाला असलेल्या पोराने असं विचारलं मला. पंचविशीचा असेल. मान वर केली नाही, की-बोर्डवरची बोटं थांबली नाहीत. शेजारच्या खुर्च्यांवर माझ्यासारखंच एक वयस्कर जोडपं फाइल मांडीवर घेऊन बसलेलं. मी म्हटलं, काय विचारलंत? तर म्हणतो, "नाही, वारलेली मुलं टेस्टमध्ये धरत नाहीत ना. दोनच असती तर तुमचं बसलं असतं."

तुमचं बसलं असतं!

माझा थोरला नागपूरला, मधला नाशिकला, धाकटी मेलबर्नला. तिघंही धडधाकट, देवाच्या कृपेने सुखात. आणि या पोराच्या स्क्रीनवर माझं काम अडलंय ते माझे दोन्ही मुलगे जिवंत आहेत म्हणून. त्यातला एक नसता तर अर्ज पुढे गेला असता. हे वाक्य आईच्या तोंडावर बोलताना त्याला काही वाटलं नाही. बाजूच्या काकूंनी माझ्याकडे बघून मान खाली घातली, त्यांना समजलं. त्याला नाही समजलं. मग म्हणाला, "पाणी घेणार का?"

मी उठले, फाइल घेतली आणि बाहेर आले. त्याला एक शब्द बोलले नाही, याचाच मला जास्त राग येतोय. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत वर्ग सांभाळला, पाचवी-सहावीची दांडगट पोरं एका नजरेत गप्प केली, आणि काल तोंडातून आवाज फुटला नाही.

घरी येऊन मुलीला फोन लावला. तिला म्हटलं, मला खरं सांग, हा पोरगा काही तरी मनाचं बोलतोय ना? ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, नियम तसाच आहे." बॅलन्स ऑफ फॅमिली टेस्ट. आईबापाला कायमचा व्हिसा हवा असेल तर किमान अर्धी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी पाहिजेत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशात आहेत त्याहून जास्त मुलं तिथे पाहिजेत. सावत्र मुलंसुद्धा मोजतात. हयात नसलेली मोजत नाहीत. आणि या नियमाला सूट नाही, कोणत्याही कारणाने नाही. तीनातलं एक म्हणजे अर्ध्याहून कमी, भारतात दोन, तिथे एक. नापास.

गणित मला शिकवू नका, मी जन्मभर तेच शिकवलं. पण पोटची पोरं अशी देशवार वाटून त्यांची बेरीज मांडायची, आणि त्यावरून आईने म्हातारपणी कुणाच्या घरात राहायचं ते ठरवायचं, हे कुठल्या पुस्तकात बसतं?

ही धाकटी १९८८ची. दोन मुलगे झालेले, तिसऱ्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सगळ्या बायकांसमोर झापलं होतं. भिंतीवर लाल त्रिकोण, हम दो हमारे दो, आणि तुम्ही मास्तरीण असून तिसरं? सासूबाईंनी पाच दिवस तोंड फिरवलं, कारण तिसरं आणि वर मुलगी. आमच्या ह्यांनी मात्र मुलगी झाली म्हणून बर्फी न वाटता गल्लीभर कंदी पेढे वाटले, मुद्दाम. ती ही मुलगी. तेव्हा नर्सबाईंच्या हिशोबात ती जास्तीची होती, आता तिच्या आईला तिच्याकडे जायचंय तर तिचे भाऊ जास्तीचे झाले. माझ्या घरात कुणी जास्तीचं नाही. तिघंही मला पुरून उरलेली नाहीत, तिघं मिळून मला पुरतात!

आणि हे जे आमचे नातेवाईक आहेत ना, ते या नियमाहून वाईट. "नागपूर आहे, नाशिक आहे, मग मेलबर्न कशाला?" नणंद तर स्पष्टच म्हणाली, मुलीच्या दारात म्हातारपण काढणार का वहिनी? हो, काढणार. मुलगे चांगले आहेत, सुना त्याहून चांगल्या आहेत. पण माझं मुलीशी जमतं, तिची चार वर्षांची पोर मला फोनवर पाढे म्हणून दाखवते, आणि मला तिथे राहायचंय. सदुसष्टाव्या वर्षी याहून मोठं कारण मी का द्यावं? नणंद रीत म्हणून बोलते, तो फॉर्म कायदा म्हणून बोलतो, आणि दोघांचं म्हणणं एकच, मुलग्यांकडे जा.

आता विषय निघालाच आहे तर कोविडचं २०२१ पण काढते. एप्रिलच्या शेवटी हे ऑक्सिजनवर होते. मुलीने तिकीट शोधायला सुरुवात केली तर आधी तिथून बाहेर पडायलाच परवानगी लागत होती. त्यात ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं १५ मेपर्यंत बंद केली, आणि मेच्या सुरुवातीला तर आदेश निघाला की जो कोणी भारतातून येईल, स्वतःचा नागरिक असला तरी, त्याला ६६,६०० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. ती आली असती तर परत नवऱ्याकडे कधी गेली असती, कुणी सांगायला तयार नव्हतं. तिने बापाला शेवटचं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मग मी एकटी पडले, तर मला तिकडे नेता येईना, कारण त्यांच्या प्रवासाच्या सवलतीत जवळचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. आईबाप त्यात नव्हते! १ नोव्हेंबर २०२१ला आईबाप जवळच्या कुटुंबात धरायला लागले. ह्यांचं वर्षश्राद्ध सहा महिन्यांवर आलं होतं तेव्हा. ही तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बरं, धरून चला की टेस्ट पास झाली. पुढे काय आहे? कमी पैशांची रांग आहे, ती तीस वर्षांहून लांब. हे मी रागाने फुगवून सांगत नाही, त्यांचं खातंच असं सांगतं. आईबाप म्हणून अर्ज करणाऱ्या बाईला तीस वर्षं थांब म्हणतात. पैसेवाली रांग आहे, १४३ नंबरच्या व्हिसाची, तीही बारा वर्षांच्या वर गेलीय. आणि तिचा नुसता दुसरा हप्ता माणशी ४३,६०० डॉलर. पंचवीस लाखांच्या आसपास झाले. पहिला हप्ता वेगळा, मेडिकल वेगळी, शिवाय माझा भार तिथल्या सरकारवर पडणार नाही अशी दहा वर्षांची हमी आणि त्याची दहा हजार डॉलरची बँक गॅरंटी मुलीने भरायची. माझी अख्खी ग्रॅच्युइटी एका हप्त्यात जाते, आणि तीही ऐंशीच्या उंबरठ्यावर. लाखाहून जास्त आईबाप या रांगांत उभे आहेत आणि वर्षाच्या जागा साडेआठ हजार. त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ साली लिहून ठेवलं की जो व्हिसा बहुधा कधी मिळणारच नाही त्याचा अर्ज लोकांना करू देणं हे क्रूर आहे. लिहिलं, आणि जागा साडेआठ हजारच राहिल्या.

यावर लोक म्हणतात, म्हातारी माणसं तिथे जाऊन त्यांची पेन्शन खातील. अहो, तिथली पेन्शन दहा वर्षं राहिल्याशिवाय मिळतच नाही. आणि मला नकोय ती. माझी झेडपीची पेन्शन आहे, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन घेते. पेन्शनसाठी मी जिवंत आहे हे शाबीत करायचं, आणि व्हिसासाठी मला विचारतात पोरांतलं कोणी मेलंय का.

तात्पुरता एक व्हिसा आहे, ८७० नंबरचा. त्याला ही मुलांची मोजणी नाही, म्हणून मुलगी आता त्याच्या मागे आहे. तिचं उत्पन्न दाखवायचं, आधी तिची मंजुरी, मग माझा अर्ज, माझा खासगी विमा, आणि भारी फी. २०१९ साली निघाला तेव्हाच पाच वर्षांचे दहा हजार डॉलर होते, आता त्याहून वाढलेत. पाच वर्षं झाली की देशाबाहेर जायचं, नव्वद दिवस बाहेर काढायचे, मग पुन्हा अर्ज. आणि सगळं मिळून दहा वर्षं, त्याच्यापुढे एक दिवस नाही. म्हणजे मी सत्त्याहत्तर वर्षांची होईन, गुडघे गेलेले असतील, नात चौदा वर्षांची झालेली असेल, आणि तेव्हा मला सांगणार की आता निघा. साताऱ्याच्या बंद घराचं कुलूप सत्त्याहत्तराव्या वर्षी उघडायचं मी! साठीत एकटं राहणं वेगळं, ऐंशीत वेगळं. हे नियम करणाऱ्यांना आया नाहीत का?

आणि साधा व्हिजिटर व्हिसा मला कुणी सांगू नका. दोनदा जाऊन आलेय. अठरा महिन्यांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही. दवाखान्याचा सगळा भार विम्यावर, कारण ब्रिटन, इटली, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांशी त्यांचा आरोग्याचा करार आहे, भारताशी नाही. माझं बीपी आणि साखर आधीपासूनची, म्हणजे विमा ते सोडून बाकीचं बघणार. तिथे असताना छातीत कळ आली तर आधी मुलगी घाबरणार की बिल घाबरवणार, या विचाराने मी जिना उतरतानासुद्धा कठडा घट्ट धरत होते.

कागदपत्रांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. जन्मदाखला द्या. आमच्या पिढीत गावाकडे जन्मदाखला होता कुणाचा? शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकली, तीच माझी, तीच माझ्या भावाची, तीच वर्गातल्या निम्म्यांची. शाळा सोडल्याचा दाखला दिला, तर त्यावर माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने सासरचं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून मी कागदोपत्री दुसरीच बाई. नोकरीच्या सर्व्हिस बुकात एक, पासपोर्टवर एक, सातबाऱ्यावर तिसरंच स्पेलिंग. या सगळ्या एकच बाई आहेत असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, नोटरी करायची. लग्न १९८१चं, नोंदणी केलेली नाही, तेव्हा कोण करत होतं? पत्रिका सापडली ती जुन्या ट्रंकेत, कोपरा वाळवीने खाल्लेला. लग्न लावलेले भटजी कधीच गेले. ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नी म्हणून माझं नाव आहे, ते चालेल का विचारलं तर म्हणे, "मॅडम, ते सपोर्टिंग म्हणून जोडू."

माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लंडनचं असंच झालं. तिथे २०१२पासून आईबापाला स्वतःचं खाणं, अंघोळ जमत नाही आणि इथे काळजी घ्यायला काही सोयच नाही, असं दाखवल्याशिवाय कायमचं घेत नाहीत. म्हणजे चालतंबोलतं असाल तर नाही, अंथरुणाला खिळाल तेव्हा बघू. कॅनडात सुपर व्हिसावर निदान एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण मुलगी कॅनडात नाही हो माझी.

त्या ऑफिसातून काल मला पावती मिळाली आहे. "कन्सल्टेशन चार्जेस ५,००० रुपये, नॉन-रिफंडेबल." पंधरा मिनिटांचे. फोनवर मी मेलबर्नला एक, भारतात दोन हे आधीच सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले, या ना मॅडम, बघू काही तरी. टेस्ट काय आहे हे त्यांना तेव्हाच माहीत होतं, तरी मला साताऱ्याहून बोलावलं, पैसे घेतले आणि मग विचारलं कोणी गेलंय का.

मुलगी म्हणते, आई सोड, मी ८७०चं करते, तू त्रास करून घेऊ नकोस. थोरला म्हणतो मी फोन करून झापतो त्यांना. मी म्हटलं, नको, तू मध्ये पडू नकोस. सोमवारी पहिल्या गाडीने मी स्वतः जाणार आहे. त्याच खुर्चीत बसणार आहे. पाच हजार परत घेतल्याशिवाय उठणार नाही, आणि त्या मुलाला मान वर करून माझ्याकडे बघायला लावणार आहे.