प्लगइन उघडलं नाही म्हणून कार्ड बदलू नका

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर, लोकमान्य नगर म्हणा की राजेंद्र नगर, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय, की पीएस-टूचा, म्हणजे प्लेस्टेशन-टूचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा इम्युलेटर पीसीएसएक्स-टू क्रॅश होतोय किंवा जीएस प्लगइनची, म्हणजे त्याच्या चित्र काढणाऱ्या जोडभागाची एरर येतेय तर ग्राफिक्स कार्ड गेलं समजा, सिल्व्हर मॉलमधून नवीन आणा, आणि पैसे नसतील तर नेटवरून डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी फाइल, उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात टाका, अँटीव्हायरस बंद करा, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, झालं. खाली तेरा जणांनी अंगठा दिलाय.

आधी कार्डाचं बघू. हा समज कुठून आला ते कळतं, कारण पीसीएसएक्स-टूच्या जुन्या १.६ व्हर्जनच्या एररमधेच लिहिलेलं असतं की रिसोर्सेस कमी पडत असतील किंवा हार्डवेअर-ड्रायव्हर जुळत नसतील, आणि लोक त्यातलं हार्डवेअर तेवढं वाचून मोकळे होतात. अहो, कार्ड खरंच गेलं तर बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच रेघा-ठिपके दिसायला लागतात, दुसरे गेम पण पडतात. १.६ सोबत जीएसडीएक्स नावाच्या जीएस प्लगइनच्या तीन फाइली येतात, एसएसई-टू, एसएसई-फोर आणि एव्हीएक्स-टू, ही प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांच्या संचांची नावं, आणि यातली कुठली चालेल ते कार्ड नाही, प्रोसेसर ठरवतो. इंटेलमधे एव्हीएक्स-टू आलं २०१३ च्या हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या जनरेशनच्या कोअर प्रोसेसरपासून, त्या वेळच्या पेंटियम-सेलेरॉनला तर ते दिलंच नव्हतं. आता सेकंडहँड घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या आय-थ्रीवर कोणी एव्हीएक्स-टू निवडून ठेवलं की प्लगइन चालणारच नाही, वर कितीही महागडं कार्ड लावा भिया. एसएसई-फोर निवडा, फुकट काम आहे.

गेम सुरू होऊन मधेच पडत असेल तर एफ९ दाबून बघा, त्याने सॉफ्टवेअर रेंडरिंग सुरू होतं, म्हणजे चित्र काढायचं काम कार्डाकडून प्रोसेसरकडे जातं. हळू चालेल, चालू द्या. तसं करून गेम नीट पुढे गेला तर गडबड ड्रायव्हरमधे किंवा रेंडररच्या, म्हणजे चित्र काढायच्या पद्धतीच्या सेटिंगमधे, आणि तरीही त्याच जागी पडला तर कार्डावरचा संशय जवळजवळ संपला, मग गेमच्या डिस्कवरून काढलेली आयएसओ, म्हणजे डिस्कची कॉपी, खराब आहे का बघा, तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, रीडम्प या साइटच्या यादीशी ताडून बघता येतो. लॅपटॉपवाल्यांनी आधी हे बघावं की इम्युलेटर इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवर तर चालत नाहीये ना, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमधे हाय परफॉर्मन्स देता येतं.

डीएलएलचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकला, तो धोक्याचा आहेच पण त्याच्याच हिशोबाने पण चूक आहे. १.६ हा ३२ बिटचा प्रोग्राम, आणि ६४ बिट विंडोजमधे सिस्टम३२ फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, ३२ बिटच्या सिसवाव६४ (SysWOW64) फोल्डरात! म्हणजे कुठल्या तरी साइटवरची फाइल जोखीम घेऊन आणायची आणि ती पण भलत्याच घरात ठेवायची. अशा फाइली ज्यात येतात ते व्हिज्युअल सी++ चं पॅकेज मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या, आणि एक्स८६ म्हणजे ३२ बिटवालं घ्या, बरेच जण ६४ बिटचं एक्स६४ टाकतात आणि म्हणतात टाकलं तरी होत नाही. डायरेक्टएक्सच्या जुन्या फाइलींसाठी त्यांचंच जून २०१० चं पॅकेज आहे.

अँटीव्हायरस बंद करायची गरज नाही, फार तर तेवढा फोल्डर वगळा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं म्हणाल तर इम्युलेटर प्रोग्राम फाइल्समधे ठेवला असेल तर त्याला तिथे सेटिंग लिहायला अडचण येऊ शकते, डी ड्राइव्हवर हलवा.

आणि मेसेज लिहिणाऱ्या भाऊने एक सांगितलंच नाही, की जुलै २०२४ मधे आलेल्या २.० मधे वेगळी प्लगइनं उरलीच नाहीत, सगळं आतच आहे. फक्त ६४ बिटचं विंडोज १० किंवा त्याच्या पुढचं, आणि एसएसई ४.१ वाला प्रोसेसर लागतो. जुन्या व्हर्जनचे सेव्हस्टेट, म्हणजे इम्युलेटरने मधेच घेतलेले सेव्ह, नव्यात उघडत नाहीत, म्हणून अपडेटच्या आधी गेममधे जाऊन मेमरी कार्डवर सेव्ह करून घ्या, आणि ती मेमरी कार्डची फाइल नवीन फोल्डरात कॉपी करा.