केसच नसलेला एपिसोड

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

दुपारी इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, लेकीच्या मैत्रिणीकडे जमलो होतो, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून न्यायचा होता. माझ्यासारख्या मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आणखी तिघी होत्या, आणि आम्ही सगळ्याच 'लॉ अँड ऑर्डर' ही पोलीस-कोर्टाची अमेरिकन मालिका बघतो, कारण बाळ झोपलं की आवाज बारीक करून बघायला तेच बरं पडतं, एक संपला की दुसरा लागतोच. तर मी सहज सांगितलं की काल रात्री 'आफ्टरशॉक' परत बघितला, सहाव्या सीझनचा शेवटचा, १९९६ चा. त्यावर एक बाई म्हणाल्या, "अय्या, तो कशाला बघितलात? त्यात तर केसच नाहीये! मी निम्मा पळवला." दुसरी म्हणाली, नुसती रडकथा आहे. आणि विषय संपला, पुरणपोळीत गूळ किती घालायचा त्यावर गेला.

मी काही बोलले नाही, दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन काय बोलणार. पण गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. केस नाहीये म्हणे. अहो, केस संपलीय तिथूनच तर तो सुरू होतो!

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांना थोडक्यात सांगते. १९९० पासून साचा ठरलेला आहे. आधी पोलीस, म्हणजे प्रेत सापडतं, दोघे डिटेक्टिव्ह दारोदार विचारत फिरतात, कुणाला तरी धरतात. मग उरलेल्या अर्ध्या भागात सरकारी वकील आणि कोर्ट. मधेमधे तो ठण्ण-ठण्ण आवाज आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात पत्ता. ह्या लोकांच्या घरात आपल्याला जवळजवळ कधीच नेत नाहीत. डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्कोचे दोन घटस्फोट झालेत, त्याची दारू मोठ्या मुश्किलीनं सुटलीय, हे आपल्याला कळतं ते जाता जाता टाकलेल्या एखाद्या वाक्यातून. २० सीझन असंच, २०१० ला बंद केली, २०२२ ला परत आणली तरी साचा तोच. आणि ह्या एका एपिसोडमध्ये मात्र सुरुवातीलाच एका खुन्याला विषाचं इंजेक्शन देऊन मृत्युदंड देतात, आणि ज्या चौघांनी त्याला तिथवर पोचवलं, लेनी, त्याचा जोडीदार रे कर्टिस, वकील जॅक मॅकॉय आणि क्लेअर किंकेड, ते चौघे ते डोळ्यांनी बघतात. पुढे तो एकच दिवस आहे. बाहेर पडल्यावर ह्या माणसांनी त्या दिवसाचं काय केलं, एवढंच.

लेनी इतक्या वर्षांनी पितो. रे, बायको-मुलींवर जीव असलेला देवभोळा माणूस, बागेत भेटलेल्या एका कॉलेजच्या मुलीबरोबर वाहवत जातो (ती मुलगी म्हणजे जेनिफर गार्नर, तेव्हा तिला कोण ओळखत होतं). जॅक बारमध्ये बसून अनोळखी माणसाला आपल्या बापाबद्दल सांगत बसतो, बाप शिकागोला पोलीसच होता त्याचा. क्लेअर ही नोकरी करावी का सोडावी ह्याच विचारात दिवसभर वणवण करते. पण त्या सकाळी आत काय बघितलं ह्याबद्दल कुणी कुणाशी धड बोलत नाही.

हे बघून ज्यांना कंटाळा येतो त्यांच्या घरात पोलीस नव्हता, एवढंच मी म्हणेन.

आमच्या घरात होता. माझे वडील, अण्णा, हवालदार होते. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पोलीस लाईनीत आमच्या दोन खोल्या. मी पाचवीत होते. त्या रात्री अण्णा यायला अकरा वाजून गेले असतील, मी जागीच होते कारण सहलीचे पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, अकरा रुपये. अण्णा मोरीत हात धूत होते. धुतले, परत तो लाल साबण लावला, परत धुतले, परत साबण. मी मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणलं, अण्णा, सहलीचे अकरा रुपये. ते वळले आणि त्या ओल्या हातानं माझ्या कानाखाली दिली. त्याआधी अण्णांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि नंतरही कधी नाही. आई काही बोलली नाही, वाढलेलं ताट झाकून ठेवलं. अण्णा बाहेर गेले, कंदील मोठा केला, सायकल उलटी केली आणि रॉकेलमध्ये फडकं बुडवून चेन पुसत बसले. एकेक कडी. मी गोधडीतून बघत होते. पहाटे जाग आली तेव्हा ते स्पोक पुसत होते. सातला अंगावर ड्रेस चढवून ड्युटीवर गेले, आणि माझ्या दप्तरावर तांब्याखाली दहाची एक नोट आणि एक रुपया ठेवलेला होता.

मी त्या सहलीला गेले नाही. रागानं. तो राग मी किती वर्षं धरला ते आता सांगायची लाज वाटते.

आता कुणी म्हणेल, काकू, ती मालिका आहे, कुठे न्यूयॉर्क आणि कुठे तुमची पोलीस लाईन. आणि हो, मान्य, जे दाखवलंय ते प्रत्यक्षात तिथे घडलेलंच नाही, जावयांनी मला लगेच सांगितलं की न्यूयॉर्क राज्यानं १९६३ नंतर कुणालाही मृत्युदंड दिलेला नाही, १९९५ ला कायदा परत आणला आणि २००४ ला तिथल्याच वरच्या कोर्टानं तो बाद ठरवला. आणि रेचं ते बागेतलं प्रकरण मलाही ओढूनताणून वाटतं. ठीक आहे.

पण लेनीचा तो चेहरा ओढूनताणून आणता येत नाही हो. जेरी ऑरबॅक. बारा वर्षं केलं त्या माणसानं ते काम, २००४ च्या डिसेंबरमध्ये गेला, आणि जाताना डोळे दान करून गेला, दोघांना दिसायला लागलं त्याच्यामुळे. त्या एपिसोडमध्ये तो ग्लासाकडे ज्या नजरेनं बघतो ना, ती नजर मी कंदिलाच्या उजेडात बघितलेली आहे. समोर सायकलची चेन होती, दारू नव्हती, एवढाच फरक.

आणि फाशी हवी की नको हा माझा मुद्दाच नाही, उगाच कुणी कॉमेंटमध्ये तो वाद काढू नका. २०१२ ला येरवड्याला कसाबला फाशी दिली त्या सकाळी मला बरंच वाटलं होतं, आजही वाटतं. पण त्या सकाळी तिथे जो कुणी शिपाई ड्युटीवर असेल तो घरी गेल्यावर जेवला का, पोराबाळांशी बोलला का, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही, आणि मी हवालदाराची मुलगी. मग बाकीच्यांना काय बोलू मी? पण राग येतोच. आपल्याला खुनी कोण ते पाहिजे, वकिलानं टेबलावर हात आपटलेला पाहिजे, ज्युरीनं गिल्टी म्हणलेलं पाहिजे, ते झालं की बंद. पंचनामा कुणी तरी स्वतःच्या हातानं लिहिलेला असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

१९९३ ला माझी लेक झाली. बारशाला सासरच्यांनी चांदीचे वाळे आणले, छान घुंगरांचे, आणि आत्याबाई ते बाळाच्या पायात घालायला लागल्या तर अण्णा उठले आणि चालते झाले. पान वाढायच्या वेळी शोधलं तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी नुसतेच उभे. सासूबाईंनी ते कितीतरी वर्षं बोलून दाखवलं, तुझ्या वडिलांना आमचं देणं कमी वाटलं. मीही म्हणायचे, त्यांचं तसंच आहे, मागेही एकदा असंच केलं होतं, आणि ती कानाखालीची गोष्ट सांगायचे. मीच सांगायचे! चारचौघांत!

अण्णा २००९ ला गेले. दहाव्याच्या दिवशी सगळं आवरून आई आणि मी मागच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा तिनं सांगितलं. त्या दिवशी एका वाडीवरच्या विहिरीतून एक बाई काढली होती, आणि तिनं पदरानं पोटाशी बांधलेलं वर्षाचं लेकरू. मयताच्या अंगावरचं जे जे असेल ते काढून यादीत लिहायचं असतं. पंच म्हणून धरून आणलेली दोन माणसं केव्हाच लांब जाऊन उभी राहिली होती. लेकराचे पाय पाण्यानं सुजलेले, वाळे निघेनात, तर अण्णांनी त्या वस्तीवरून साबणाचा तुकडा मागून आणला आणि साबण लावून, हळूहळू फिरवून ते काढले. आणि मग खाली बसून लिहिलं, चांदीचे वाळे, एक जोड. नंतर त्या दोघांना बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यापर्यंत न्यायचं होतं, तर अण्णा गाडीमागून सायकल हातात धरून चालत आले, बसले नाहीत सायकलवर. आई म्हणाली, त्यांनी मला एकदाच सांगितलं, त्या पहाटे, सायकल पुसून झाल्यावर, आणि म्हणाले पोरीला सांगू नकोस.

'आफ्टरशॉक'मध्ये शेवटी क्लेअर झिंगलेल्या लेनीला घरी सोडायला निघते आणि दुसरी गाडी येऊन धडकते. ती जाते. कुणाचं कुणाशी बोलणंच होत नाही, जॅक तिची वाट बघून निघून गेलेला असतो. पुढे सीझनमागून सीझन गेले तरी ते लेनी आणि जॅक दोघांना सुटत नाही, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाच्या केसमध्ये जॅक कसा इरेला पेटतो ते बघा म्हणजे कळेल. ज्यांनी हा पळवला त्यांना तो एपिसोड काय कळणार?

असो. त्या बाईंवर एवढं चिडायला नको होतं खरं तर. माझ्या लेकीसाठी डिंकाचे लाडू करून आणले होते त्यांनी, रात्री रात्री जागतात नातवासाठी, त्यांनाही दोन घटका डोक्याला ताप नको असेल. आणि मी तरी पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्ध्यात उठून कुकर लावला होताच.

पुढच्या रविवारी नातीचं बारसं आहे. वाळे मी सांगलीहून करून आणलेत, बॅगेत साडीच्या घडीत आहेत, अजून बाहेर काढलेले नाहीत. आज संध्याकाळी लेकीला शेजारी बसवून हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. ती खूप वेळ गप्प होती, मग म्हणाली, आई, वाळे घालू या आपण, पण आधी आजोबांचा फोटो तिथे ठेवू.

त्या बाईंना मगाशी मेसेज केलाय, बुधवारी दुपारी या, आपण तो परत लावू, ह्या वेळी पळवायचा नाही. उत्तर आलंय, येते, भाकरी घेऊन येते, तुम्ही पिठलं टाका.