नातवाचे स्क्वॉडमधले मित्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

गेममधल्या मैत्रीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही, म्हणून हे सवडीने लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अकरावीतला नातू रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर खेळतो. सहामाहीत तो नापास झाला. आजीच्या खात्यातून गेमसाठी पैसे गेले. यंदा गणेश चवथीला खाली आरतीचं घुमट वाजत असताना तो माडीवर हेडफोन लावून बसला होता. पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला, तेव्हा त्या ‘मित्रां’पैकी एकही जण बघायला फिरकला नाही. दिवसाचे सहा-सहा तास ज्यात जातात ते व्यसनच, तुम्ही शिक्षिका असून त्याला मैत्रीचा मुलामा देता आणि मुलांच्या हाती आयतं निमित्त देता, असं तुम्ही लिहिलंत. चीनने केली तशी बंदी आपल्याकडेही आणा, असंही.

चवथीचं वाचून मला वाईट वाटलं. वर्षातून एकदा सगळं कुटुंब मूळ घरी जमतं, आणि आरतीला नातू शेजारी नाही, हे आजोबांना किती लागत असेल ते मी समजू शकते. आजीच्या पैशांचंही तसंच. पण लेखात मांडलेलं मत मी बदलणार नाही. त्या मुलांची मैत्री खरी असते. ती खरी असते म्हणूनच तर तुमच्या नातवाला तिथून उठणं इतकं जड जातं. नुसत्या गोळीबाराच्या खेळाचा मुलांना महिन्या-दोन महिन्यांत कंटाळा येतो. आपली वाट बघणाऱ्या माणसांचा येत नाही.

डेंग्यूचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात बोचरा आहे. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराने त्याचे स्नायू लहानपणापासून झडत गेले, चाकाची खुर्ची आली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. त्याने आयुष्यातले हजारो तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये घालवले होते. मुलगा एकटाच जगला, त्याला मैत्री, प्रेम काहीच मिळालं नाही, याचं आई-वडिलांना फार दुःख होतं. मुलाच्या ब्लॉगवर त्याच्या निधनाची बातमी टाकताना त्यांनी आपला ईमेलही दिला, आणि मग अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. कोणी लिहिलं, तुमच्या मुलाने मला वाईट दिवसांतून बाहेर काढलं. कोणी लिहिलं, त्याच्या सांगण्यावरून मी माझ्या मुलाशी पुन्हा बोलू लागले. त्याच्या ‘स्टारलाइट’ नावाच्या गिल्डमधले, म्हणजे गेममधल्या गटातले, काही जण तर परदेशांतून अंत्यविधीला आले. आई-वडील त्याच घरात राहत होते, त्याची रात्रंदिवस काळजी घेत होते, आणि तरी यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

तुमच्या नातवाचे मित्र आले नाहीत. ते कुठले आहेत, त्याला डेंग्यू झाल्याचं त्यांना कळलं तरी होतं का, गोवा मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात पडून तो कोणाशी बोलत होता, हे त्याला कोणी विचारलं का? दोषारोप म्हणून विचारत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी मी हाच प्रश्न विचारते, आणि बहुतेक आई-वडिलांना गेमचं नाव माहीत असतं, पण मुलाबरोबर खेळणाऱ्या एकाही माणसाचं नाव माहीत नसतं.

तुमची भीती मात्र अगदीच अस्थानी नाही. माइकच्या पलीकडे कोण बसलं आहे ते मुलाला कळत नाही. आयडी, म्हणजे गेममधलं तयार खातं, विकत देतो सांगून पैसे उकळणारे, ओटीपी मागणारे, फोटो मागणारे तिथे फिरत असतात. असं काही घडलं आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पण घरी आपल्या मित्रांची थट्टा होते हे ज्या मुलाला माहीत आहे, तो फसल्यावर सांगणार कोणाला?

आता एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बारावीला माझ्याकडे होता, वडील बोटीवर, घरी आई आणि धाकटी बहीण. बोलताना अडखळायचा, त्यामुळे वर्गात तोंड उघडायचा नाही. तोंडी परीक्षेला त्याचा चेहरा पांढरा पडायचा. हाच मुलगा स्क्वॉडचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांच्या चमूचा, आयजीएल होता, म्हणजे कुठे उतरायचं, कधी गाडी काढायची, कोणी कोणाला कव्हर द्यायचं हे तो सांगायचा. एकदा त्याच्या आईच्या परवानगीने मी शेजारी बसून मॅच ऐकली. ‘लेफ्टला दोन आहेत, स्मोक टाक, तू थांब, आधी याला रिवाइव्ह करू दे.’ एकदाही अडखळला नाही. बाकीचे तिघे सोलापूर, बेळगाव आणि भोपाळचे. बोर्डाची परीक्षा जवळ आल्याचं कळताच त्यांच्यातल्या सोलापूरच्या मुलाने, जो स्वतः पॉलिटेक्निकला होता, याला सरळ क्लॅनमधून, म्हणजे गेममधल्या त्यांच्या गटातून, काढून टाकलं. पेपर संपल्याशिवाय परत घेणार नाही म्हणाला. रात्री साडेदहाला फोन करून किती वाचलं हेही विचारायचा.

त्याच दिवसांत त्याच्या आईने मला फोनवर येणाऱ्या सूचना दाखवल्या. तुझं बक्षीस वाट बघतं आहे. आज आलास तर दुप्पट. सीझन संपायला तीन दिवस उरले, रँक जाईल. मित्र अभ्यास कर सांगत होता आणि ॲप परत ये म्हणत होतं.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, सर. तुम्ही या दोघांना एकाच पारड्यात टाकता. गेम बनवणाऱ्यांना पक्कं माहीत आहे की मुलगा माणसांसाठी थांबतो, म्हणून ते माणसांचाच गळ करतात. रोज हजेरी लावली नाही तर क्लॅनचे गुण घटतात, म्हणजे आपल्या आळसाची शिक्षा मित्रांना. मॅच अर्ध्यावर सोडली तर उरलेले तिघे उघड्यावर पडतात. कोण ऑनलाइन आहे ते नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्याने सतत समोर दिसत राहतं. तुम्ही जेवायला हाक मारता आणि तो ‘पाच मिनिटं’ म्हणतो, तेव्हा तो उद्धटपणा असेलच असं नाही. अर्ध्या तासाची मॅच विसाव्या मिनिटाला आलेली असते आणि तिघांना टाकून उठणं त्याला गद्दारी वाटते. जेवणाची वेळ मॅच सुरू व्हायच्या आधी सांगून बघा. मी अनेक घरांत हे सुचवलं आहे, आणि रोजची अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

सहा तास म्हणजे व्यसन, हे मात्र मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११व्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरला जागा दिली. ते २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांची मर्यादा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, असं तिन्ही सहसा निदान बारा महिने दिसलं आणि त्याने शिक्षण, घर, नाती यांचं चांगलंच नुकसान झालं, तर त्याला आजार म्हणायचं. सुट्टीत सहा तास खेळून शाळा उघडल्यावर स्वतःहून कमी करणारा मुलगा आजारी नाही. दोनच तास खेळणारा, पण त्यासाठी खोटं बोलणारा, झोप घालवणारा, घरातले पैसे उचलणारा मुलगा कदाचित आजाराच्या वाटेवर असेल.

आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं मला काळजीची वाटतात, हे स्पष्ट सांगते. नापास होणं, पैसे, जागरण, घरच्यांपासून तुटणं, सगळं एकदम आलं आहे. ब्लॉगवर वाद घालून हे सुटणार नाही. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे त्याला घेऊन जा. जायला संकोच वाटत असेल तर आधी १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून केवळ तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. डॉक्टरकडे नेताना ‘तुझं डोकं ठिकाणावर आणायला’ असं मात्र म्हणू नका. झोप लागत नाही, त्याबद्दल विचारू, एवढं पुरे.

बंदीचं म्हणाल तर चीनमध्ये २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच ऑनलाइन खेळता येतं. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर खेळायला मनाई केली होती. दहा वर्षांनी तो कायदा रद्द करायचं त्यांनीच ठरवलं. दोन्हीकडे मुलं मोठ्यांच्या ओळखपत्रावर खेळत राहिली. आपल्याकडच्या गेममध्येही लहानांसाठी वेळेची मर्यादा असते, ती उठवायला बाबांचा नंबर आणि एक ओटीपी लागतो, आणि बाबांचा फोन हॉलमध्येच चार्जिंगला असतो.

बंदी मी जवळून पाहिली आहे. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइल या गेमवर बंदी घातली. ज्यांच्या फोनवर तो आधीपासून होता त्यांचा चालू राहिला, आणि ३० ऑक्टोबरला तोही बंद पडला. शाळा बंद होत्या, गावातले मित्र भेटत नव्हते. माझे विद्यार्थी पुढे सांगत की त्या शेवटच्या दिवसांत कोणी जिंकण्यासाठी खेळतच नव्हतं, मॅचआधी सगळे जमतात त्या लॉबीत बसून एकमेकांचे नंबर उतरवून घेत होते. ज्यांना हे सुचलं नाही त्यांची माणसं गेली ती गेलीच, कारण त्यांच्याकडे फक्त गेममधलं टोपणनाव होतं. खेळ सुटला का? आठवड्याभरात सगळे दुसऱ्या गेमवर. म्हणजे सुटायला हवं होतं ते राहिलं, आणि राहायला हवं होतं ते गेलं.

पैशांच्या बाबतीत मी तुमच्याहून कडक आहे. मांडवी नदीतल्या कॅसिनोंत गोंयकारांना २०२० पासून प्रवेश बंद आहे, पण पैसे लावून खेळायचे ॲप त्यानंतरही कितीतरी वर्षं गोव्यातल्या घराघरांत, प्रत्येक खिशात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा कुठे पैशांच्या खेळांवर देशभर बंदी आली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कायद्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण आजीच्या खात्यातून गेलेले पैसे बहुधा यूसी किंवा डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, घेण्यात गेले असतील, आणि त्यावर क्रेट, म्हणजे बक्षिसांच्या बंद पेट्या, उघडले गेले असतील. क्रेटमधून कपडे, बंदुकीचे रंग निघतात, पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते जुगारासारखं दिसत नाही. आत मात्र तोच हिशेब आहे. बक्षीस कधी येईल ते ठरलेलं नसलं की प्राणी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर दाखवलं होतं, आणि स्लॉट मशीन त्याच तत्त्वावर चालतं. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. आपणही धराव्यात, निदान अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी. यासाठी तुम्ही निवेदन काढलंत तर पहिली सही माझी.

मैदान रिकामं पडल्याचंही तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे भात कापून झालं की शेतात मुलं फुटबॉल खेळायची, आता त्यातल्या बऱ्याच शेतांना कुंपण आहे आणि संध्याकाळी ट्यूशन आहे. तो मोठा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन.

फोन काढून घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. रात्री घ्या. अकरानंतर घरातले सगळे फोन, तुमचाही, एका खोलीत राहू देत. त्याच्या एकट्याचा घेतलात तर ती शिक्षा होईल. आजीच्या खात्यावरून यूपीआय आणि साठवलेलं कार्ड आजच काढून टाका. पण आयडी रागाच्या भरात डिलीट करू नका. काही दिवस येणार नाही, हे स्क्वॉडला सांगायची मुभा त्याला द्या. न सांगता गायब व्हायला लागलं तर तो तुमच्यावर चिडेल आणि दुसऱ्याच्या फोनवरून खेळेल. आणि एक मॅच त्याच्या शेजारी बसून बघा. कोण कुठला आहे, काय शिकतो, ते विचारा. त्यातल्या एखाद्याचा साधा फोन नंबर त्याच्याकडे असू दे, म्हणजे मैत्रीसाठी गेम उघडायलाच हवा असं राहणार नाही. पुढच्या चवथीला त्यातला कोणी गोव्यात येऊ शकत असेल तर बोलवा, तुमच्या घरची आरती त्यालाही ऐकू दे.

नातवाची तयारी असेल तर मी त्याच्याशी बोलेन. माझा ईमेल ब्लॉगवर आहे. शाळेच्या दिवशी चारनंतर मी मोकळी असते, तुम्ही दोघे एकत्र आलात तरी चालेल.