पहिलीत काय शिकवायचं, हे कोणी ठरवायचं?

पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर महाराष्ट्रात २०२५ मध्ये घराघरांत वाद झाले. आमच्या डॅलसजवळच्या रविवारच्या मराठी शाळेत, मुलं आत बाराखडी गिरवत असताना, बाहेर पालकही तोच वाद घालत होते. मला मात्र राहून राहून वाटत होतं की हे ठरवलं कोणी, हा त्याआधीचा प्रश्न आहे आणि तो कोणी फारसा विचारत नाहीये.

१६ एप्रिलला शासन निर्णय निघाला: मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने याला विरोध केला आणि आपल्याला विचारलंच नव्हतं असं सांगितलं. १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तर हिंदीऐवजी वेगळी भारतीय भाषा घेण्याची सोय होती. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. समितीने मग काही शहरांत जाऊन लोकांचं म्हणणं ऐकलं. म्हणजे आधी निर्णय झाला आणि ऐकून घेणं नंतर.

अमेरिकेत शाळांच्या अभ्यासक्रमात वॉशिंग्टनला हात घालता येत नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याला कायद्यानेच तशी मनाई आहे. टेक्सासमध्ये हा अधिकार राज्य शिक्षण मंडळाचा. त्याचे पंधरा सदस्य पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, मुदत चार वर्षं, आणि एकेका मतदारसंघात १९ लाखांच्या आसपास लोक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये या मंडळापुढे ‘ब्लूबॉनेट’ नावाचं, राज्याने स्वतः तयार करून घेतलेलं प्राथमिक वर्गांचं साहित्य आलं. त्यातल्या भाषेच्या धड्यांत बायबलमधला मजकूर बराच आहे. दुसरीत एस्थर राणीची गोष्ट, पाचवीत लिओनार्दोच्या चित्राच्या निमित्ताने येशूचं शेवटचं भोजन. माझी मुलगी दुसरीत आहे. तिने एस्थरची गोष्ट ऐकावी, जरूर ऐकावी. पण नाना धर्मांची मुलं एका बाकावर बसतात त्या सरकारी शाळेत, सरकारी पैशाने, एकाच धर्माच्या कथांना एवढं झुकतं माप देणं मला साफ नामंजूर आहे.

राजधानी ऑस्टिनमध्ये मंडळाने घेतलेली सुनावणी मी घरून थेट पाहिली. नाव नोंदवलेला प्रत्येक जण माइकसमोर यायचा: शिक्षिका, धर्मगुरू, साधे पालक. वेळ मोजून मिळायचा, आणि समोर ज्यांना मत द्यायचं होतं तेच सदस्य बसलेले. आठ विरुद्ध सात मतांनी साहित्य मंजूर झालं. विरोधात चार डेमोक्रॅट होते, तसे तीन रिपब्लिकनही. मला हवं होतं त्याच्या उलट झालं, पण माझ्या भागाच्या सदस्याने हात कुठे वर केला ते मला माहीत आहे. पुढच्या निवडणुकीत मी ते लक्षात ठेवणार.

ही रचना जशीच्या तशी उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. मतपत्रिकेवर ही नावं इतकी खाली असतात की पुष्कळ लोक न वाचताच खूण करतात. सदस्याला शिक्षणातलं काही कळलं पाहिजे अशी अट नाही. शिवाय ब्लूबॉनेट घेणं डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, मर्जीवर असलं, तरी ते घेतलं की विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा मिळतात. पैशांची चणचण असलेल्या डिस्ट्रिक्टला ही मर्जी कितपत उरते?

आपल्याकडे याहून चांगलंही काही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार अभ्यासक्रम सरकारने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवायचा. महाराष्ट्रात ती पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, आणि पुस्तकं १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती काढते. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर समितीतल्या माणसांची नावं छापलेली असतात. त्यांत वर्गावर शिकवणारे शिक्षक असतात. टेक्सासच्या मंडळाला हा शहाणपणा हवा होता.

पण त्या समित्यांत वाद काय झाला, कोणाचं म्हणणं का मानलं नाही, हे त्या पानांवर नसतं. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा खुला करून हरकती मागवल्या होत्या, ते योग्यच झालं. तरी हरकत लिहून पाठवणं वेगळं आणि निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यात बघून बोलणं वेगळं. सिन्नरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना, एका खोलीत दोन इयत्ता सांभाळताना तिसरी भाषा कधी शिकवायची, हे मंत्रालयातल्या सचिवांना सगळ्यांसमोर विचारता आलं पाहिजे. सचिवांचं उत्तर इतिवृत्तात नोंदलं गेलं पाहिजे, आणि पुढचा शासन निर्णय, तो भाषेचा असो की इतिहासाचा, त्यानंतरच निघाला पाहिजे.